दोन पुजांची सरासरी

पुजा प्रेमदास राठोड चौथीच्या पायाभूत चाचणीत नापास झाली.

तसं काही घडलेलं नाही. चौथीत कुणाला नापास करता येत नाही असा कायदा आहे, आणि जे करताच येत नाही ते झालं कसं, असं कुणी विचारू नये म्हणून शाळेत तो शब्दच कुणी तोंडातून काढत नाही. शेतात निघालेल्या सापाला जसं जनावर म्हणतात, तसं नापासाला ‘साहाय्याची आवश्यकता’ म्हणतात. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलं असेल तर न वाचल्यासारखं करावं. प्रेमदासनंही तेच केलं. निकालाचा कागद हातात आल्यावर त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. तिसऱ्यांदा काढला तेव्हाही त्यावर तेच होतं.

गुलाबचंद नाईक तांडा वारंगा फाट्यापासून सहा किलोमीटर आत आहे. त्यातले चार किलोमीटर रस्ता आहे आणि दोन किलोमीटर मंजूर आहे. तांड्याची शाळा दोन खोल्यांची, पहिली ते चौथी, मुलं सतरा, शिक्षिका एक. दुसरे एक गुरुजी कागदावर आहेत, पण ते तालुक्याला बसून दुसरे कागद सांभाळतात. चौथीत एकच विद्यार्थिनी, ती पुजा. वर्गात पहिली तीच यायची, शेवटची पण तीच यायची, आणि दोन्हीचं तिला विशेष काही वाटत नसे. मॅडमनी ‘जोडीजोडीनं बसा’ म्हटलं की ती दप्तर शेजारी बसवायची.

प्रेमदास हा तिचा बाप, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही. दोन्ही पदं त्याच्याकडे न मागता आली होती. समितीची निवड झाली त्या दिवशी सगळा तांडा ऊसतोडीला गेलेला आणि प्रेमदास तेवढा पायाला कोयता लागून परत आलेला. सभेला तो, त्याची आई भिकाबाई आणि त्यांची शेळी एवढेच हजर होते. शेळी बिनविरोध निवडून आली असती, पण तिला सही येत नव्हती.

कागदावर लिहिलं होतं: विषय भाषा, गुण शेकडा अठ्ठेचाळीस, स्तर लाल. खाली दोन खांब काढलेले. एक पुजाचा, एक वर्गाच्या सरासरीचा. दोन्ही खांब टाचेला टाच लावून सारख्या उंचीचे. त्याखाली, कायद्याला धरून, नापास सोडून बाकी सगळं.

“काय म्हनते कागद?” भिकाबाईनं विचारलं. तांड्यात आपसात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात. इथं ती मराठीत लिहिली आहे, नाहीतर वाचणाराला तकलीफ.

“लाल हाये म्हनते.”

“लाल चांगलं का वाईट?”

“मिरचीत चांगलं,” प्रेमदास म्हणाला आणि चौथ्यांदा घडी घातली.

हा कागद नुसता निकाल नव्हता. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी दिपक मुकादमाचा ट्रक येणार होता. प्रेमदास आणि त्याची बायको मिना दरसाल त्या ट्रकनं पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला जात, सहा महिन्यांसाठी. गेल्या साली पुजालाही नेलं होतं. ती पाचटाच्या कोपीत धाकट्या पिंटूला सांभाळत बसायची आणि वाचायला काही नाही म्हणून खताच्या गोणीवरचा मजकूर वाचायची. परत आली तेव्हा तिला चौदाचा पाढा येत नव्हता, पण नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं प्रमाण तोंडपाठ होतं. यंदा तिला भिकाबाईपाशी ठेवायचं असं प्रेमदासच्या मनात होतं. मिनाच्या मनात तसं नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. पिंटू दीड वर्षाचा. उसाच्या फडात दीड वर्षाचं लेकरू म्हणजे कोयता, बैलगाडी, विहीर आणि साप या सगळ्यांचा शेजारी.

“शिकत असंल तर राहू द्या तिला तुमच्या याडीपाशी,” मिना म्हणाली होती. “पर नुस्तीच खिचडी खाऊन राहिली असंल, तर तिकडं पिंट्याला तरी बघंल.”

“शिकते. मॅडम म्हनते हुशार हाये.”

“मॅडम सतराच्या सतरा जनाला हुशार म्हनते. शेळीला बी म्हनली असती, हजेरीत असती तर.”

इथं प्रेमदासनं आयुष्यातली मोठी चूक केली. चाचणी ऑगस्टमध्ये झाली होती आणि मॅडमनी त्याला सांगितलं होतं, पुजाला तीसपैकी एकोणतीस पडले. अजून छापील निकाल यायचा होता. एकोणतीसवर विसंबून तो छाती काढून तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नाईकाच्या, ओट्यावर गेला, मिनाला सोबत नेलं आणि म्हणाला, सरकारचा कागद सांगंल तसं करू. तांड्याची रीत अशी की नाईकासमोर दिलेला शब्द परत घेता येत नाही. प्रचारात दिलेला घेता येतो, कोर्टात दिलेलाही तारखेवर घेता येतो, नाईकासमोरचा नाही. मिना म्हणाली, “कबूल.” मोहनसिंग नाईकानं दोघांच्या हातावर पाणी सोडलं आणि विषय मिटला.

मग कागद आला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी प्रेमदास अपर्णा मॅडमची वाट बघत शाळेच्या पायरीवर बसला. मॅडम वसमतहून यायच्या. फाट्यापर्यंत बसनं, फाट्यावर पंक्चरवाल्याकडे ठेवलेल्या स्कूटीवरून रस्ता संपेपर्यंत, आणि मंजूर रस्ता पायी.

“मॅडम, हे आटेचाळीस कुटून आलं? तुमीच म्हनल्या व्हत्या एकोनतीस.”

“एकोणतीसच आहेत, प्रेमदासभाऊ. मीच तपासले, मीच भरले.”

“अन एक कशाचा कापला?”

मॅडम जरा घुटमळल्या. “प्रश्न होता, तू कुठे राहतेस? तिनं लिहिलं, पावसाळ्यात तांड्यात, बाकी उसात.”

“बराबर हाये की!”

“बरोबरच आहे. पण उत्तरसूचीत एकच जागा लिहायची होती. म्हणून एकच कापला.”

मग त्यांनी मोबाईल काढला. रेंज खिडकीच्या तिसऱ्या गजापाशीच मिळायची, म्हणून दोघं जण गजाला कान लावल्यासारखे उभे राहिले. गोल गोल फिरणारं काहीतरी बराच वेळ फिरलं आणि यादी उघडली.

“हे बघा. चौथीत विद्यार्थी किती दाखवतंय?”

“दोन. दुसरं कोन आलं?”

“पुजा प्रेमदास राठोड.”

“अन पहिलं?”

“पुजा प्रेमदास राठोड.” मॅडमनी चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता. “एक इथली, ती हजर. एक तिकडची, कारखान्यावरच्या शाळेतली. ती गैरहजर.”

मग सगळा उलगडा झाला, आणि उलगडा झाल्यावर जास्तच अंधारून आलं. गेल्या साली तांडा उसावर निघाला तेव्हा मॅडमनी चौदा मुलांना हमी कार्ड दिलं होतं. तिकडच्या शाळेत ते दाखवलं की मुलाला वर्गात बसवून घ्यायचं, असा नियम. तेरा घरांनी ते कार्ड राशन कार्डासोबत पेटीत नीट जपून ठेवलं, कारण सरकारी कागद दाखवायचा नसतो, ठेवायचा असतो, हे सगळ्या तांड्याला ठाऊक. एकट्या प्रेमदासनं अध्यक्ष या नात्यानं ते तिकडच्या शाळेत नेऊन दिलं, वर पावती मागून घेतली. पुजा तिथं तीन दिवस बसली, मग पिंटूला ताप आला आणि ती कोपीत राहिली. तेवढ्यानं तिचं नाव तिकडं लागलं. एप्रिलमध्ये घरी आल्यावर इथल्या हजेरीत तर ती होतीच. तिकडून तिला कुणी सोडलं नाही, कारण तिकडं ती आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. चाचणीच्या दिवशी तिच्या नावाचा एक पेपर इथं आला, एक तिकडं गेला. इथल्या पुजाला शेकडा सत्त्याण्णव, तिकडच्या पुजाला गैरहजर म्हणून शून्य. दोघींचा नंबर एकच. संगणकानं कुणावर अन्याय नको म्हणून दोन्ही मिळवले आणि दोनानं भागले.

“सत्त्याण्णवचे निम्मे साडेअठ्ठेचाळीस होतात,” मॅडम हळूच म्हणाल्या. “अर्धा त्यांनी सोडून दिला.”

“मंग तिकडचीला काढून टाका ना.”

“मला इथून नाही काढता येत. तिकडून सोडावं लागतं.”

प्रेमदासनं पावती जपून ठेवली होती. अर्थातच. तिच्यावर एक फोन नंबर होता. तिसऱ्या गजापाशी उभं राहून त्यानं तो लावला. बऱ्याच वेळानं एका म्हाताऱ्या राखणदारानं उचलला.

“शाळा हाय का ही?”

“शाळा न्हवं. शाळा उसाबरोबर येती आन उसाबरोबर जाती. आता हितं म्हशी बांधल्यात.”

“गुरुजी?”

“त्ये बी उसाबरोबरच.”

“अन हजेरी कुठं राहते?”

“कपाटात. किल्ली गुरुजीकडं.”

प्रेमदासला आता फोन ठेवायला हवा होता. पण त्याच्या तोंडून निघून गेलं, “जरा बघता का हो, आमची पुजा हाये का तिथं? नऊ वर्साची. दोन येन्या.”

राखणदार भला माणूस असावा. फोन तसाच ठेवून तो उठून गेल्याचं ऐकू आलं. एक म्हैस हंबरली. बऱ्याच वेळानं तो परत आला.

“न्हाय बाबा. सगळीकडं बघितलं. न्हाय दिसत.”

प्रेमदासला एकदम हायसं वाटलं, आणि कशाचं ते त्याला सांगता आलं नसतं. समोर दुसरीच्या ओळीत उभी राहून पुजा लहान मुलांकडून प्रार्थना म्हणून घेत होती.

त्या संध्याकाळी सेवाभायाच्या, म्हणजे सेवालाल महाराजांच्या, देवळापुढच्या ओट्यावर बैठक बसली. शब्द नाईकासमोर दिलेला, तर कागदही नाईकासमोरच उघडायचा. मोहनसिंग नाईक सत्तरीचा, त्याच्या चष्म्याला एका बाजूची काडी नव्हती, तिथं दोरा. त्यानं आजवर भावकीचे बांध, तुटलेली लग्नं आणि पळवलेले बैल निवाडले होते. त्यानं कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाला, “वाचा कोनीतरी.”

आता वाचणार कोण? मॅडम चारच्या बससाठी निघून गेल्या होत्या. दिपक मुकादम नावांच्या यादीसाठी ओट्याच्या कडेवर बसला होता, पण तो फक्त आकडे वाचायचा, अक्षर आलं की पुढचा आकडा शोधायचा. प्रेमदास सातवी शिकलेला. पण हा कागद त्याला आपल्या तोंडानं वाचायचा नव्हता.

“मी वाचते की,” पुजा म्हणाली.

ती ओट्यावर चढली, पाठ सरळ केली आणि मॅडमनी शिकवल्यासारखा कागद छातीच्या अंतरावर धरला.

“सदर विद्यार्थिनीस,” तिनं सुरुवात केली आणि भिकाबाईकडे बघून समजावलं, “दादी, सदर म्हंजे मी.” मग पुढं: “सदर विद्यार्थिनीस साधा परिच्छेद समजपूर्वक वाचता येत नाही. जोडाक्षरे असलेले शब्द, विरामचिन्हांची दखल घेऊन, योग्य आरोहअवरोहासह उच्चारण्यात अडचण येते. शब्दांचे अर्थ संदर्भाने सांगता येत नाहीत. साहाय्याची आवश्यकता.” स्वल्पविरामाला ती थोडी थांबली, पूर्णविरामाला नीट थांबली. “आरोह म्हंजे आवाज वर न्यायचा, अवरोह म्हंजे खाली आनायचा. वाचून झालं.”

 कुठंतरी एक कोंबडी बोलली, आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं असावं.

“हिला वाचता येत न्हाई असं कोन म्हनलं?” भिकाबाईनं विचारलं.

“म्यांच म्हनलं न दादी, आत्ता.”

मोहनसिंगानं दोरा कानामागं सारला. “थांबा. मला बघू द्या. पोरगीनं जे वाचलं ते खरं असंल, तर तिला वाचता येत न्हाई. अन वाचता येत न्हाई, तर तिनं वाचलं ते खरं कशावरून? अन ते खोटं असंल, तर तिला वाचता येतं. अन वाचता येतं, तर तिनं वाचलं ते खरं.” तो बोलता बोलता थांबला आणि देवळाकडे बघत बसला. बैलाचं बरं असतं. बैल एकतर चोरलेला असतो, नाहीतर नसतो.

“नाईक, मला नावं पायजेत,” दिपक मुकादम म्हणाला. “ट्रकात जागा धरावी लागते.”

“अरे, लेकरू फडाफडा वाचून राहिलं तुज्यासमोर! कान हायेत का कोयत्यानं तोडलेत?” भिकाबाई कडाडली.

“मी काय म्हनलं काकू? मी जागेचं म्हनलं.”

सगळ्यांनी मिनाकडे पाहिलं. पिंटू तिच्या कडेवर झोपला होता.

“वाचती ती,” मिना म्हणाली. “मला बी ऐकू येतं. पर मी शब्द कागदाचा दिला, कानाचा न्हाई. अन कागदाचं म्या न्हाई म्हनलं व्हतं, यायनंच म्हनलं.” ती पिंटूला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, “पुढं पाचवीला टाकायला गेलं, तर तिथं ओट्यावर चढून वाचू देनार हायेत का तिला? तिथं बी कागदच इचारतील. आता तुमीच सांगा, मी काय करू?”

 मिनाला भांडायचं होतं असं तिच्या तोंडावरून दिसत नव्हतं. कुणीतरी आपल्याला हरवावं म्हणून ती थांबल्यासारखी वाटत होती. प्रेमदास तिला हरवू शकला असता, पण त्याचा पुरावा तिच्याच बाजूनं साक्ष देत होता.

नाईकानं निवाडा दिला. ट्रक येईस्तोवर कागद दुरुस्त करून आणला तर पोरगी राहील. नाही आणला तर शब्द तो शब्द.

प्रेमदास पुजाला घेऊन केंद्रशाळेत गेला. केंद्रप्रमुख विष्णुपंत पुराणिक नरसीचे, चार महिन्यांनी निवृत्त होणारे, स्वभावानं मऊ. बारा शाळांचे निकाल त्यांच्याकडे येत आणि भिंतीवर रंगीत टिकल्यांच्या रूपानं राहत. गुलाबचंद नाईक तांड्यापुढं चौथीसाठी एकच टिकली होती, लाल. त्यांनी अध्यक्षसाहेब म्हणून प्रेमदासला खुर्ची दिली, चहा सांगितला, पुजाला बिस्किटं दिली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“साहेब, लेकरू समोर उभं हाये. तुमीच इचारा तिला.”

विष्णुपंतांनी भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. पुजानं ते वरून खाली वाचलं, आणि ‘मार्गदर्शक’ शब्दात टंकणारा रफार विसरला होता, तो मनानं घालून वाचला. विष्णुपंत हे परिपत्रक सात महिने रोज बघत होते, पण त्यांना तो विसरलेला रफार आज दिसला. त्यांनी खिशातून पेन काढून तिला बक्षीस दिलं.

“फार छान. बाळ, फार छान वाचलंस.”

“मंग कागद बदलाल साहेब?”

“अध्यक्षसाहेब, मला दिसतंय हो.” विष्णुपंतांचा आवाज खाली आला. “पण मला दिसलेलं भरायला रकाना नाही.”

त्यांनी परिपत्रक पुढं समजावून सांगितलं, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं. लाल स्तरातल्या मुलासाठी उपाय दिलेला होता: त्याच वर्गातल्या हुशार मुलाशी त्याची जोडी लावायची, आणि हुशार मुलानं कच्च्या मुलाला रोज अर्धा तास शिकवायचं. चौथीत हुशार कोण? सत्त्याण्णववाली पुजा. कच्ची कोण? शून्यवाली पुजा.

“जोडी लावल्याचा अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवा,” विष्णुपंत म्हणाले आणि स्वतःच खिडकीबाहेर बघू लागले.

“साहेब, तिकडचीला सोडवता येत न्हाई का?”

“येतं की. सोपं आहे. तिनं तिकडं एकदा समक्ष हजर व्हायचं. हजर झाली की तिथले गुरुजी तिला सोडतात.”

“पन तिकडं जाऊ नाई म्हनून तर सोडवायचं हाये!”

“बरोबर आहे.”

“मंग?”

“मग जाऊन यायचं.” विष्णुपंतांनी टेबलावर बोटानं रस्ता काढला. “कारखान्याचा बॉयलर पेटला की शाळा भरते. शाळा भरली की पंधरा दिवसांनी कपाट उघडतं. मग नोंद, मग सुटका. दिवाळी धरली तर डिसेंबर.”

“तवर इथं?”

“इथं गैरहजर.”

“अन दुसरी चाचनी?”

“ती मधेच येते.” विष्णुपंतांनी कागद ओढला आणि गणित मांडलं. हे गणित त्यांना मांडायला नको होतं, पण चाळीस वर्षांची सवय. “तिकडं समजा पडले एकोणतीस, म्हणजे शेकडा सत्त्याण्णव. इथं शून्य. मिळवले, भागले...” ते थांबले. “अठ्ठेचाळीस.”



“म्हणजे प्रगती स्थिर आहे,” विष्णुपंत पेनाला टोपण लावत म्हणाले. “घसरण नाही, अध्यक्षसाहेब. पुष्कळ शाळांत घसरण आहे.”

पुजानं शेवटचं बिस्किट पिंटूसाठी खिशात घातलं.

“अर्ज तेवढा देऊन ठेवा,” निघताना विष्णुपंत दारापर्यंत आले. “माझ्याच नावानं द्या. मी वर पाठवीन. ते खाली माझ्याकडे पाठवतील. तोवर मी असेन की नाही सांगत नाही, पण आवक क्रमांक नक्की मिळेल.”

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी ट्रक मंजूर रस्त्याच्या अलीकडे येऊन उभा राहिला. सामान डोक्यावरून न्यावं लागलं. भिकाबाई शेळीला धरून दारात बसली होती आणि ट्रकला, मुकादमाला, उसाला आणि ज्यानं भागाकार काढला त्याला ओळीनं शिव्या घालत होती. मिनानं पुजाच्या दोन वेण्या घट्ट घातल्या, इतक्या घट्ट की पुजा ‘याडी, दुखतं’ म्हणाली, तरी तिनं सैल केल्या नाहीत. नंतर कुणी बघत नाही असं समजून तिनं पुजाची वाचायची दोन पुस्तकं स्वतःच्या लुगड्यांच्या गाठोड्यात, मधोमध, पावसापाण्यानं भिजणार नाहीत अशी कोंबली. प्रेमदासनं पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं. ते आता त्याला जमायला लागलं होतं.

सामान चढेपर्यंत वेळ होता. बाभळीखालच्या दगडावर बसून प्रेमदासनं अर्ज सांगितला आणि पुजानं तो नव्या पेनानं वहीच्या पानावर उतरवला. बापाचं अक्षर अध्यक्षाला शोभणारं नव्हतं. अपर्णा मॅडम जवळच उभ्या होत्या. अर्ज त्याच नेऊन देणार होत्या. आज त्यांनी शाळा उशिरा भरवली. सतरातले अकरा जण ट्रकमध्येच होते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

“लिही, माजी पोरगी...”

“बापू, ‘माझी पाल्य’ लिवतेत.”

“लिही मंग तसं.”

पुजानं लिहिलं, पेन उचललं आणि विचारलं, “बापू, तिकडची पुजा कशी असंल?”

“तुज्यासारखीच.”

“पर तिला तर काहीच येत न्हाई. शून्य हाये न तिला.” तिनं विचार केला. “मंग पाटी घेते सोबत. परिपत्रकात सांगितलं हाये, रोज अर्धा तास.”

मॅडम ट्रकचा नंबर वाचत असल्यासारखं करून तिकडं तोंड करून उभ्या राहिल्या. वरून दिपक मुकादम ओरडला, “चला चला! पुजा राठोड! चढली का पुजा राठोड?”

“हजर!” पुजा सवयीनं ओरडली, आणि उभ्या उभ्याच दप्तरावर वही ठेवून शेवटच्या ओळी लिहिल्या:

‘...वरील परिस्थिती पाहता मे. साहेबांस नम्र विनंती की, सदर दोन विद्यार्थिनींपैकी जी उसात गैरहजर होती तिला, ती तिथे गेलीच नव्हती म्हणून, माफ करण्यात यावे. जी तांड्यात हजर होती तिला, आजचा ट्रक निघाल्यानंतरही, ती इथेच बसली आहे असे समजण्यात यावे. आणि यापुढे दोघींची बेरीज करून दोनाने भागण्याऐवजी, माझ्या पाल्यास कुठल्याही एका ठिकाणी, एकदाच, पण पूर्ण मोजण्यात यावे, ही विनंती.’